थेंब टाकल्यावर घसा कडू झाला तर

तुमचा प्रश्न वाचताना माझा हात आपोआप डाव्या कानावर गेला. आठवडाभर सर्दी, मग कानाला दडा, आडवं झालं की ठणका, डॉक्टर म्हणतात पडदा सुजलाय आणि घरून लसणीच्या तेलाचा आग्रह. चार वर्षांपूर्वी माझं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, एका कानाने पोळलेली बाई आहे. त्या हिशेबानेच घ्या.

सूज पडद्यावर दिसते, पण भानगड त्याच्या मागे असते. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी सर्दीने बुजते, आत पाणी किंवा पू साठतो आणि तो जेमतेम 1 सेंटिमीटरचा पडदा बाहेर फुगतो. पडदा धड असेल तर वरून ओतलेलं तेल आत पोचतच नाही, आणि फाटलेला असेल तर पोचू नये तिथे पोचतं. आईंना हे कसं पटवायचं ते तुमचं तुम्ही बघा, मला सासूबाईंना अजून पटवता आलेलं नाही.

मला मात्र तेल नडलं नाही. गल्लीच्या तोंडावरचा दवाखाना नडला. तिथे ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिवा-भिंगाच्या नळीने, कानात बघितलंच नाही. मोबाइलचा टॉर्च मारला, ‘मळ आहे’ म्हणाले, मळ सुटायचे थेंब दिले आणि पाच दिवसांनी पिचकारी मारू म्हणाले. तिसऱ्या दिवशी पहाटे उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग, त्यात रक्ताची बारीक रेघ. आणि ठणका गायब! नवऱ्याला उठवून सांगितलं, मळ सुटला. मळ कसला, पडदा फुटला होता. आतला दाब गेला म्हणून दुखायचं थांबलं होतं. मी थेंब टाकतच राहिले. टाकले की थोड्या वेळाने घशात कडू लागायचं, तर वाटलं औषध लागू पडतंय. मधला पडदा शाबूत असेल तर कानातलं औषध घशात उतरेल कुठून, हा साधा विचार डोक्यात आला नाही. पाचव्या दिवशी पिचकारी मारली आणि खोली गरगर फिरली. टेबल धरून बसले, तर वर मलाच विचारतात, ‘सकाळी काही खाल्लं नव्हतं का?’ पैसे पूर्ण घेतले, हे सांगायला नको. असे लहान छिद्र बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरतं म्हणे, माझं भरायला तीन महिने गेले.

म्हणून ज्यांनी ‘सुजलाय’ म्हटलं त्यांनी काय बघून म्हटलं ते विचाराच. कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. पडदा नुसता लाल आहे, फुगलाय की त्याला भोक आहे, यावर सगळं ठरतं. अँटिबायोटिक दर वेळी लागतंच असं नाही, पण दिलं तर बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. नाक जोरात शिंकरू नका. नाक मोकळं करणारा स्प्रे चार-पाच दिवसांच्या वर नको. आमच्याकडे एकाला त्याची इतकी सवय लागली की स्प्रेशिवाय नाक उघडेना. कानामागे सूज, तोंड एका बाजूला वाकडं होणं, चक्कर, वाढता ताप, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

दुखणं गेल्यावर दडा काही आठवडे राहू शकतो, त्याने घाबरू नका. पण मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी तीन महिने रेंगाळलं, तर नाकाच्या मागची बाजू दुर्बिणीने बघून घ्यायला स्वतःहून सांगा.

शुक्रवारच्या विमानाचं विचारलंत. फुगलेल्या पडद्याने उतरताना जीव जातो, मी असते तर तिकीट बदललं असतं. गंमत म्हणजे भोक पडलेल्या कानाला विमानात त्रास कमी होतो, हवा आरपार जाते. माझा प्रवास त्यामुळे सुखाचा झाला, फक्त शेजारचा काय बोलतोय ते कळत नव्हतं.