पौगंड नव्हे, किशोर!

धुळ्याच्या समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: कॉलेजातल्या मुलामुलींचं लैंगिक वर्तन आणि त्यांचं ‘वेल-बीइंग’ यांवर प्रश्नावली करते आहे, तर ‘पौगंडावस्था’ लिहू की ‘किशोरवय’? आणि ‘वेल-बीइंग’ला काय म्हणू?

पौगंडावस्था मुळीच लिहू नका. शाळाशाळांतल्या व्याख्यानांत हा शब्द ऐकून कान किटले आहेत. भागवत पुराणावरच्या भाष्यातली वयाची वाटणी स्वच्छ आहे: पाचापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पुढे कैशोर. जागतिक आरोग्य संघटना ‘अ‍ॅडोलेसंट’ धरते ते १० ते १९. म्हणजे पौगंड संपतं तिथे हे वय सुरू होतं! नारदस्मृती हा जुना कायद्याचा ग्रंथ दाखवून ‘सोळापर्यंत पोगंडच’ म्हणणारे पंडित भेटतात. त्यांनी पुढची ओळही वाचावी: त्यानंतर तो ‘व्यवहारज्ञ’. तिथे विषय कर्जव्यवहाराच्या पात्रतेचा आहे, देह बदलण्याचा नाही. शिवाय कोशांत पोगंडचा ‘विकलांग’ असाही अर्थ आहे. वाढत्या पोरांना असलं नाव द्यायचं?

आता किशोर. अमरकोशात हा सापडतो कुठे? घोड्यांत! ‘बालः किशोरः’, म्हणजे शिंगरू. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी आईला खेटून उभं असतं, तेच. माणसाच्या पोराला हे नाव घोडेवाल्यांनीच दिलं, असं माझं ठाम मत आहे. शिंगरू उंचीला झपाट्याने भरतं, हाडं मात्र उशिरा पक्की होतात, म्हणून जाणता माणूस त्याच्यावर खोगीर टाकायची घाई करत नाही. अंग आधी, पक्वपणा मागाहून: या वयाचं सगळं मर्म त्या एका शब्दात आहे. ‘याला पुरावा काय?’ असं विचारणाऱ्या कोशकारांनी एकदा सारंगखेड्याला जाऊन यावं.

‘वेल-बीइंग’ला ‘स्वास्थ्य’ लिहा. सुश्रुताच्या ‘स्वस्थ’ माणसात प्रसन्न मनही येतं. २०१४ साली सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमाचं नावही ‘राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम’च आहे. विशी ओलांडलेल्यांना मात्र सरळ ‘तरुण’ म्हणा.

हे झालं अहवालाच्या मथळ्यापुरतं. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची मोठी पाहणी झाली, तेव्हा नाजूक प्रश्नाचं उत्तर बंद लिफाफ्यातही घेतलं होतं, इतका हा विषय लाजेचा. त्यात शब्दही अडला तर पोरं कागद कोराच परत देतील. प्रश्नात ‘वयात येणं’ लिहा. ते साक्री-शिरपूरच्या कुठल्याही पोरीला कळतं.