वर्ड अपग्रेड केल्यावर सोसायटीची नोटीस एका पानात का मावत नाही?
गिरगावातल्या तुमच्या सोसायटीत वर्ड 2003 जाऊन 2016 आलं आणि एका पानाची नोटीस दुसऱ्या पानावर जायला लागली, असं तुम्ही विचारलंय. मजकूर तोच आहे, मूळ सेटिंग बदललंय. 2003 मध्ये परिच्छेदाखाली जागा शून्य असायची. 2016 मध्ये ती 8 पॉइंट (72 पॉइंट म्हणजे एक इंच) आणि ओळींचं अंतर 1.08. नोटिशीत दर मुद्द्याला एंटर, आणि दर एंटरला नवा परिच्छेद, म्हणजे 15 मुद्द्यांना 120 पॉइंट, दीड इंचाहून जास्त जागा तिथेच जाते!

होम टॅबवर पॅराग्राफच्या कोपऱ्यातला बाण दाबा. ‘आफ्टर’ शून्य, लाइन स्पेसिंग सिंगल करा. आता ओके नको, ‘सेट ॲज डीफॉल्ट’ दाबा आणि नॉर्मल टेम्प्लेटवरच्या (नवी फाइल ज्या साच्यावरून उघडते त्यावरच्या) सगळ्या डॉक्युमेंट्सचा पर्याय निवडा. हीच पायरी बरेच जण सोडतात.

फाँटही बदलायचा असेल तर मराठीसाठी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा रकाना वेगळा असतो. लॅटिन, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा, फाँट कितीही बदला, देवनागरी हलत नाही.

जुन्या फायलींची स्टाइल त्यांच्यातच असते. नोटीस आजच लावायची असेल तर मागची उघडून ‘सेव्ह ॲज’ करा आणि तिच्यातच मजकूर बदला.