जुन्या वॅगन आरचे कूलंटचे होज (इंजिन थंड ठेवणारं द्रव वाहून नेणाऱ्या रबरी नळ्या) वरून चांगले दिसतात, तरी बदलायचे का? घरी बदलता येतील का?

हो, बदला. २००५ ची गाडी, होज कधी बदलल्याचं कुणाला आठवत नाही, आणि मे महिन्यात नागपूरहून चिखलदऱ्याला जायचंय, असं तुम्ही लिहिलंय. होज बदलायला सांगणारा मेकॅनिक बिल फुगवतोय अशी शंका येणं साहजिक आहे, पण या बाबतीत तो बरोबर आहे. माझी गाडी तुमच्या गाडीपेक्षा जुनी आहे आणि तिचं हे काम मी घरीच करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'वरून चांगले दिसतात' यावर जाऊ नका. हे रबर बाहेरून कमी आणि आतून जास्त खराब होतं. होजच्या एका टोकाला इंजिनचा धातू, दुसऱ्या टोकाला रेडिएटर आणि मधे कूलंट, त्यामुळे तिथे बॅटरीच्या सेलसारखी बारीकशी रासायनिक क्रिया चालू राहते. तिने आतल्या थराला केसासारख्या उभ्या चिरा पडतात. कूलंट त्या चिरांतून रबराच्या पोटातल्या धाग्याच्या जाळीपर्यंत झिरपतं आणि जाळी कमकुवत होते. बाहेरचा काळा थर तोवर शोरूममधून आणल्यासारखा दिसत असतो. मग एखाद्या दिवशी क्लिपजवळ टाचणीएवढं भोक पडतं, नाहीतर होज सरळ उभा फाटतो.

म्हणून तपासणी डोळ्यांनी नाही, बोटांनी करायची. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. वरचा होज आधी मधोमध दाबा, मग क्लिपपासून दोन इंचांच्या आत दाबा. टोकं मधल्या भागापेक्षा पिचपिचीत लागली, तर आतून काम संपलेलं आहे. दाबताना करकर आवाज आला तर रबर वाळून कडक झालंय. एखादी जागा फुगलेली आणि चिकट लागली तर तिथे इंजिन ऑइल ठिबकतंय. हे रबर ऑइलपुढे टिकत नाही, त्यामुळे आधी ती गळती बंद करा, नाहीतर नवा होजही तसाच फुगेल. क्लिपच्या कडेला पांढरट किंवा हिरवट खरपुडी दिसली तर तिथून कूलंट हळूहळू पाझरतंय आणि गरम इंजिनावर वाळून जातंय, म्हणूनच खाली जमिनीवर डाग दिसत नाही.

एक गोष्ट मात्र होजच्या माथी मारू नका. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळी चपटा झालेला दिसला, तर दोष बहुधा रेडिएटरच्या झाकणाचा असतो. इंजिन गार होताना बाटलीतलं कूलंट परत आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह त्या झाकणात असतो, तो अडकला की आत पोकळी तयार होते. झाकण स्वस्त आहे, होजबरोबर तेही नवीन घ्या.

हीटरचे दोन होज नागपुरात कुणाला आठवतच नाहीत, कारण हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीतल्या थोड्या दिवसांपुरता. पण हीटर बंद असला तरी इंजिनच्या बाजूला त्या होजवर तोच दाब असतो. पुढच्या सीटच्या पायाशी मॅट ओली दिसली की आपण एसीचं पाणी म्हणून सोडून देतो. बोट लावून बघा. एसीचं पाणी साधं असतं, कूलंट बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. तसं असेल तर गळती डॅशबोर्डच्या आत आहे, ते काम गॅरेजलाच द्या.

आता उन्हाळ्याचं गणित. थंडीत बाहेर १५ अंश आणि कूलंट ९० अंश असेल तर रेडिएटरला ७५ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात बाहेर ४५ असताना तोच फरक ४५ वर येतो. म्हणजे रेडिएटर तोच, पण उष्णता बाहेर टाकायची त्याची ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी. त्यात एसी चालू, नागपुरातल्या व्हरायटी चौकातला सिग्नल, किंवा परतवाड्याच्या पुढे दुसऱ्या गिअरमध्ये चढायचा घाट. ०.९ बार दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट त्याहून वर. होजला भोक पडलं की तो दाब जातो आणि आतलं पाणी शंभरीलाच उकळायला लागतं. तापमानाच्या काट्यावरही विसंबू नका, कूलंट निघून गेलं की सेन्सर कोरडा पडून काटा कधीकधी उलट खाली येतो. वाफ दिसली की गाडी तिथेच बंद. 'गॅरेजपर्यंत नेतो' म्हणणाऱ्यांच्या इंजिनांची हेड (वरचे धातूचे भाग) वाकतात, आणि त्या खर्चापुढे होजचा सेट काहीच नाही.

घरी बदलता येतात, घाई नसेल तर. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सांगायला नको. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कूलंट परातीत नको, जुन्या बादलीत काढा आणि लगेच झाकून ठेवा. चव गोड असल्याने गल्लीतली कुत्री ते पितात आणि मरतात. नालीतही ओतू नका.

जुना होज ओढून काढायला जाऊ नका. रेडिएटरची प्लास्टिकची नळी इतक्या वर्षांत ठिसूळ झालेली असते, ती तुटली की खर्च रेडिएटरवर जातो. होज ब्लेडने उभा चिरा आणि सोलून काढा, नळीवर ओरखडा येऊ देऊ नका. धातूच्या नळीवरची खरपुडी बारीक पॉलिश पेपरने साफ करा. नवा होज चढत नसेल तर थोडं कूलंट लावा, ग्रीस किंवा ऑइल नाही. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. स्क्रूवाली क्लिप रबरात रुतेपर्यंत आवळू नका, त्यापेक्षा एकदा गाडी गरम होऊन गार झाली की पुन्हा जरा कसा.

दुकानात तुमच्या मॉडेलचा, मूळ वळण असलेलाच होज मागा. सरळ पाईप वाकवून बसवला की वळणावर दुमडतो. वर्षानुवर्षं मांडणीत पडलेला कडक मालही घेऊ नका. भरायला तयार कूलंट, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी रेडिएटर चोंदतो. हळूहळू भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा, बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि पंखा आपोआप सुरू होईपर्यंत उभे राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असते.

हे सगळं होळीच्या आसपास उरका. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागल्यावर बॉनेटमध्ये हात घालायची इच्छा होत नाही आणि गॅरेजवालेही भेटत नाहीत. इंजिनच्या मागे दडलेला छोटा बायपास होज हाताला येत नसेल, तर तेवढा मेकॅनिककडून बदलून घ्या. त्या वेळी त्याने 'थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी थंड राहील' असं सुचवलं तर नको म्हणा, इंजिनचं तापमान नेमकं राखणारा तो व्हॉल्व्ह आहे. जुना अडकत असेल तर नवा बसवायला सांगा.