‘सात दिवसांत भरपूर दूध’ हे वचन माझ्या फोटोखाली छापलंय

प्रश्न : मी एका खासगी माता-बाल केंद्रात अडीच वर्षं पगारावर स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते. काही दिवसांचा प्रशिक्षणवर्ग केलाय, त्याचं प्रमाणपत्र आहे. गेल्या वर्षी मालकीणबाईंनी नवं माहितीपत्रक काढलं. त्यावर माझा फोटो, त्याखाली ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त तज्ज्ञ’ आणि मोठ्या अक्षरांत ‘सात दिवसांत भरपूर दूध, शंभर टक्के हमी. पुरेसं दूध येईपर्यंत आम्ही सोबत’ असं छापलं. मी तेव्हा तोंडी कुरकुर केली, पुढे गप्प बसले. हे वाचून एका आईने पूर्ण पॅकेज घेतलं. तिच्या स्तनांवर पूर्वी शस्त्रक्रिया झाली होती. चौथ्या दिवशी बाळाचं वजन घटलेलं दिसलं, तेव्हा मी तिला व्हॉट्सॲपवर लिहिलं की आजच्या आज बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी वरचं दूध सुरू केलं. बाळ आता छान आहे. केंद्राने मात्र ‘तुम्ही वरचं दूध दिलंत, हमी संपली’ म्हणून पैसे परत द्यायला नकार दिला. आता तिच्या वकिलाची नोटीस केंद्राला आली आहे आणि मलाही. ‘आईने सूचना पाळल्या नाहीत’ असं मागची तारीख टाकून लिहून दे, असा मालकीणबाईंचा आग्रह आहे. शिवाय एका कंपनीकडून दुधाच्या बाटल्यांचे संच फुकट येतात, तेही आयांना द्यायला सांगतात. माझ्यावर व्यक्तिशः काय येऊ शकतं? मी काय करू?

उत्तर : ताई, सर्वांत निकडीचं आधी सांगते. मागची तारीख टाकलेल्या त्या कागदावर सही करू नका. ‘नुसतं फाइलला लावायचंय’ असं सांगितलं तरी करू नका. हे प्रकरण ग्राहक आयोगात जाऊ शकतं, आणि तिथलं कामकाज कायद्याने न्यायिक कामकाज मानलं जातं. अशा कामकाजात वापरायला खोटा पुरावा तयार करणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. शिवाय हा कागद तुमच्या स्वतःच्याच मेसेजच्या विरुद्ध जाईल. चौथ्या दिवशी तुम्ही वजनाकडे लक्ष दिलंत, धोका ओळखलात आणि आईला डॉक्टरकडे पाठवलंत. या प्रकरणात तुमच्या बाजूने बोलणारी सर्वांत भक्कम गोष्ट तीच आहे. सही केलीत तर ती तुमच्याच हाताने पुसली जाईल.

आता त्या वचनाकडे येऊ. तुम्ही हे काम रोज करता, त्यामुळे दूध कसं उतरतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. बाळाची पकड सुधारली, वरचेवर पाजलं, स्तन नीट रिकामे होत राहिले की बहुतेक आयांचं दूध वाढतं. म्हणून तर तुमच्या कामाला मोल आहे. पण पूर्वीच्या शस्त्रक्रियेत दुधाच्या नलिका किंवा नसा कापल्या गेल्या असतील, दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचीच वाढ कमी असेल, वारेचा तुकडा आत राहिला असेल, थायरॉइडचा त्रास असेल, तर कितीही कुशल समुपदेशकाच्या हातात सगळं नसतं. तुम्ही काय कराल याचं वचन तुम्ही देऊ शकता. दुसऱ्या बाईचं शरीर सात दिवसांत काय करील, याचं वचन देण्याचा अधिकार ना तुम्हाला आहे, ना मालकीणबाईंना.

कायदाही नेमकी हीच रेघ ओढतो. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिकाची जबाबदारी समजावून सांगितली आहे. खटला जिंकूनच देईन असं वकील अशिलाला सांगत नाही, रुग्ण पूर्ण बरा होईलच असं डॉक्टर सांगत नाही. या कामाचं कौशल्य माझ्यापाशी आहे आणि ते मी वाजवी काळजीने वापरीन, एवढीच व्यावसायिकाची हमी असते. त्यामुळे प्रामाणिकपणे काम करूनही फळ आलं नाही, तर निव्वळ तेवढ्यावरून कोणी निष्काळजी ठरत नाही. हे फार मोठं संरक्षण आहे. तुमच्या केंद्राने शंभर टक्के हमी छापून ते आपणहून सोडून दिलं. आता प्रश्न फक्त ‘काळजी घेतली होती का’ एवढा राहिला नाही. ‘जे छापलं ते कशाच्या आधारावर छापलं’ हेही विचारलं जाणार.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. ठरावीक परिणाम साधेपर्यंत सेवा देत राहू, असं वचन द्यायचं आणि ते पाळलं जाण्याची वाजवी शक्यताच नसायची, हा प्रकार तिथे स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. तुमच्या पत्रकातलं ‘पुरेसं दूध येईपर्यंत आम्ही सोबत’ हे वाक्य त्याशेजारी ठेवून वाचा. त्याच व्याख्येत आणखी एक प्रकार आहे : त्रुटी असलेल्या सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत करायला नकार देणं.

‘वरचं दूध दिलंत, हमी संपली’ ही अट वाचून मला खरोखर अस्वस्थ वाटलं. बाळाचं वजन घटतंय, डॉक्टर सांगताहेत, आणि आईच्या मनात मात्र येतं की आता दिलं तर पैसे बुडतील. नवजात बाळाच्या पोटाशी पैशाची अट बांधणं हे पैसे वसूल करण्यापलीकडचं आहे. केंद्र म्हणेल, अट पत्रकाच्या तळाशी छापली होती. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तळटीप मुख्य दाव्याचा खुलासा करू शकते, त्याला छेद देऊ शकत नाही आणि महत्त्वाची माहिती दडवायला वापरताही येत नाही. वर ‘शंभर टक्के’ आणि खाली बारीक अक्षरांत अपवाद, हे या तत्त्वांपुढे टिकणं कठीण आहे. वैद्यकीय सल्ल्याने दिलेल्या दुधाला ‘सूचना न पाळणं’ म्हणण्याचं धाडस आयोगापुढे कोणत्याही वकिलाने करू नये.

आता तुमच्यापुरतं. करार त्या आईचा आणि केंद्राचा आहे, मोबदला केंद्राने घेतला, त्यामुळे पैसे परत करण्याची जबाबदारी पहिल्यांदा केंद्राची. कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात केलेल्या चुकीसाठीही मालक जबाबदार असतो. तुमच्या स्वतःच्या हातून निष्काळजीपणा झाला असता तर ‘मी पगारी आहे’ एवढं म्हणून सुटका झाली नसती. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं दिसत नाही. एकच दुवा तपासा. पूर्वीच्या शस्त्रक्रियेबद्दल पहिल्या भेटीत तुम्ही विचारलं होतं का? तिने सांगितल्यावर, अशा स्थितीत दूध कमी येऊ शकतं हे तिला कळू दिलं होतं का? विचारलं नसेल, तर तुमच्या बाजूने खरी उणीव तिथे आहे. ती तुमच्या वकिलापासून लपवू नका.

दुसरी काळजी फोटोची. ग्राहक संरक्षण कायद्यातच जाहिरातीतल्या पुरस्काराची, म्हणजे मालाची किंवा सेवेची शिफारस करण्याची, व्याख्या आहे, आणि एखाद्या व्यक्तीचं नाव किंवा छबी अशी वापरली की हे तिचं स्वतःचं मत आहे असं ग्राहकाला वाटावं, तर तोही पुरस्कार धरला जातो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या पुरस्कर्त्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. तुम्हाला तो होईलच असं मी म्हणत नाही. तुम्ही पगारी आहात, पत्रक तुम्ही काढलेलं नाही, आणि ही कारवाई त्या आईच्या तक्रारीहून वेगळी असते. पण दाव्याची सत्यता पडताळण्यासाठी योग्य ती काळजी घेतली, हे दाखवणाऱ्यालाच कायद्याने या दंडातून सूट दिली आहे, आणि तोंडी कुरकुरीची नोंद कुठेच नसते. फोटो काढण्याची लेखी मागणी आजच गेली पाहिजे.

‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ या शब्दांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. या क्षेत्रात आयबीसीएलसी नावाची आंतरराष्ट्रीय पदवी आहे. १९८५ पासून एक परीक्षा मंडळ ती देतं, दर पाच वर्षांनी ती नव्याने टिकवावी लागते आणि तिला लेखी आचारसंहिता आहे. तुमचं प्रमाणपत्र ते नाही. तुमच्या वर्गात काही कमीपणा नाही. अनेक आयांना पहिला आधार अशाच प्रशिक्षित बायकांचा मिळतो. पण बाळ रडतंय, टाके दुखताहेत, अशा रात्री आई पत्रकावरचं बिरूद वाचून विश्वास टाकते. नसलेली मान्यता आहे असं भासवणं हीदेखील कलम २(४७) प्रमाणे अनुचित प्रथा आहे. त्या आचारसंहितेतल्या दोन गोष्टी मात्र बंधन नसतानाही आजपासून पाळा. आईच्या आधी घेतलेल्या लेखी संमतीशिवाय तिचा किंवा बाळाचा फोटो, चित्रण, ध्वनिमुद्रण नाही. आणि ज्या वस्तूत आपला आर्थिक संबंध आहे, तो आईपुढे उघड केल्याशिवाय ती वस्तू सुचवायची नाही.

बाटल्यांचा विषय तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलात. मला तो नोटिशीहून गंभीर वाटतो, कारण इथे फौजदारी कायदा येतो. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली, आणि त्याच धर्तीवर आपल्याकडे १९९२ चा कायदा आला. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. शिशुदुग्ध पर्याय, दूध पाजायच्या बाटल्या आणि शिशुआहार, तिन्ही त्यात येतात. त्यांच्या वापराला किंवा विक्रीला चालना देण्यासाठी नमुने वाटायला कोणालाही मनाई आहे, आणि असा माल बनवणाऱ्या-विकणाऱ्यांनी त्याच्या प्रचारासाठी आरोग्य कर्मचाऱ्याला पैसे किंवा भेटवस्तू देण्यालाही. माता आणि शिशूंच्या आरोग्यसेवेत काम करणारी व्यक्ती म्हणजे आरोग्य कर्मचारी, अशी तिथली व्याख्या आहे. तुम्ही त्यात बसता असंच मी धरून चालेन. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ते संच देणं आजच थांबवा. घरी नेऊ नका, फेकूही नका. ‘माझ्याकडून हे वाटले जाणार नाहीत’ एवढं लेखी कळवून जिथे आहेत तिथेच राहू द्या. डॉक्टरांनी एखाद्या बाळाला वरचं दूध सुचवणं ही वेगळी गोष्ट आहे, ती या मनाईत येत नाही. त्या आईशी झाली तशी मोकळी, गरजेची बोलणी कधीही थांबवू नका.

आता कागदपत्रांचं. केंद्राचे वकील ‘तुमचंही उत्तर आम्हीच देतो’ म्हणतील. नम्रपणे नाही म्हणा आणि स्वतंत्र वकील नेमा, कारण तुमचं आणि केंद्राचं हित इथे एक नाही. मालकीणबाईंना ईमेल लिहा : पत्रकातली हमी आणि बिरूद मला मान्य नाही, माझा फोटो काढावा, मागील तारखेचा कागद मी देणार नाही, बाटल्या वाटणार नाही. चार वाक्यं पुरे, आरोप नकोत. नोकरी जाईल ही भीती मला समजते. म्हणूनच भाषा सौम्य आणि तारीख ठळक ठेवा. व्हॉट्सॲपचं संभाषण ज्या फोनवर आहे तो फोन बदलू नका, काही पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचे वकील तयार करतील. मात्र केंद्रातल्या इतर आयांच्या फायली उचलून घरी आणू नका आणि या आईचे मेसेज मैत्रिणींनाही दाखवू नका. तिने विश्वासाने सांगितलेली माहिती उघड करणं हा स्वतंत्र दोष ठरेल.

वकिलाची नोटीस म्हणजे खटला नव्हे. नोटिशीत दिलेल्या मुदतीत थोडक्यात, खरं उत्तर द्या : मी कर्मचारी आहे, कोणत्या दिवशी काय पाहिलं, काय सांगितलं. प्रकरण जिल्हा आयोगात गेलं तर मात्र घड्याळ कडक आहे. तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं आणि आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. ४६ व्या दिवशी ते स्वीकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. माझा अंदाज विचाराल तर प्रकरण तिथवर जाऊ नये. केंद्राने पैसे परत करावेत, पत्रक मागे घ्यावं. तसं सुचवणारं पत्र तुमच्या वकिलानेच आधी केंद्राला द्यावं, आणि तक्रार दाखल झालीच तर आयोगाकडून मध्यस्थीचा मार्गही खुला असतो.

मालकीणबाई ‘मग छापायचं काय?’ असं विचारतील. त्यांना हा मजकूर द्या : ‘पहिल्या भेटीत तुमचा पूर्वेतिहास नीट विचारू. बाळाची पकड पाहू आणि सुधारायला मदत करू. वजन आणि लघवी-शीची नोंद ठेवू. आमच्या आवाक्याबाहेरचं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवू. दूध किती येईल याची हमी आम्ही देत नाही. न झालेल्या भेटींचे पैसे परत करू.’ यातलं प्रत्येक वाक्य तुम्ही पाळू शकता, आणि चौथ्या दिवशी तुम्ही पाळलंतही.

ईमेल आज रात्रीच पाठवा, आणि त्याची एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावरही घ्या, कारण केंद्राचा पासवर्ड उद्या बदलू शकतो.