नातीला घेत का नाही?

इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू सुनेबरोबर माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) तक्रार सुनेची. बारसं होऊन गेलं तरी सासूबाई बाळाला मांडीवर घेत नाहीत. मुलगी झाली म्हणून नाराज असणार, असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

सून बाहेर गेल्यावर काकूंनी बाही वर सरकवली. कोपरावर लाल चट्टा, त्यावर पांढरे, चंदेरी पापुद्रे. "डॉक्टर सोरायसिस म्हणाले. पोरीला लागला तर हो?"

नाही लागत. हा संसर्ग नव्हेच. शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते आणि एरवी महिनाभरात बदलणारी कातडी चार-पाच दिवसांतच वर येऊन साचते. शिवण्यानं, टॉवेलनं, एका ताटात जेवल्यानं पसरत नाही. घराण्यात कल असू शकतो, पण तो मांडीवरून उतरत नाही, आणि आजीला आहे म्हणून नातीला होईलच असंही नाही.

"मग माझी स्वच्छता कमी पडली का?" उलट, जास्तच झाली होती! रोज अंघोळीला त्या कोपरं वज्रीनं घासत, रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत. सोरायसिसमध्ये कातडी दुखावली की तिथंच नवे चट्टे उठू शकतात. वज्री आधी बंद करायला सांगितली. अंघोळ कोमट पाण्यानं, आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा साधं मॉइश्चरायझर. इंदूरच्या कोरड्या थंडीत तर दिवसातून दोन-तीनदा.

पिशवीतून एक पिळून चपटी झालेली ट्यूब निघाली. शेजारणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेली. स्टेरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, सगळं एकत्र. स्टेरॉइड वाईट नसतं, पण किती आणि किती दिवस हे त्वचारोगतज्ज्ञानं ठरवायचं. मनानं लावत राहिलं तर कातडी पातळ होते, एकदम सोडलं तर आजार उसळू शकतो. ट्यूब घेऊन त्यांच्याकडेच परत जा म्हटलं. मलम लावल्यावर हात धुवायचे आणि ती जागा बाळाच्या अंगाला लागू द्यायची नाही, एवढं पथ्य मात्र खरं.

सुनेला मी काहीच सांगितलं नाही. काकूंनीच सांगावं असं ठरलं. ऐकून ती आधी चिडली. "आई, मी महिनाभर काय काय समजत होते!" मग बराच वेळ दोघी एकमेकींशीच बोलत राहिल्या, मला विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

उठताना काकू सहज बोलून गेल्या की सकाळी बोटं आखडतात, वय झालं. सोरायसिस सांध्यांतही उतरू शकतो. तेही डॉक्टरांना सांगायचं म्हणून सुनेनं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.