प्लॉट बघताना आधी पाण्याची उंची विचारा

वाचक विचारतात : घर आणि जमीन

जून संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पूररेषेचेच प्रश्न जास्त असतात. यावेळी त्यातली चार पत्रं घेतली आहेत. माझी नोकरी पाटबंधारे खात्याच्या सर्वेक्षणात गेली. कृष्णा-पंचगंगेच्या काठाने लेव्हल आणि स्टाफ, म्हणजे जमिनीची उंची मोजायची दुर्बीण आणि मोजपट्टी, घेऊन बरीच वर्षं हिंडलो. नियमांचं जे कळतं ते तिथलं.

प्रश्न : सांगलीत सखल भागात दीड गुंठ्याचा प्लॉट बघितला आहे. गुंठेवारीतून नियमित झालेला आहे, कागद स्वच्छ आहेत. एजंट म्हणतो, 2019 ला इथे पाणी गुडघाभरच होतं, चार फूट भराव टाकला की काळजी नाही. दोघांच्या पगारावर वीस वर्षांचं कर्ज काढणार आहोत. घ्यावा का? — एक शिक्षिका, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात कागदांची माहिती दोन पानं आहे, पण जमिनीची उंची कुठेच नाही. तुमचा सगळा निर्णय त्या एका आकड्यावर ठरणार आहे.

आपल्याकडे नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तिथे बाग, मोकळं मैदान, वाहनतळ, ओट्यांची भाजी मंडई, स्मशानभूमी असल्या गोष्टी चालतात, नवीन घर चालत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित. तिथे घर बांधता येतं, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर, म्हणजे जवळपास दीड फूट वर पाहिजे. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हे दिलेलं आहे. रेषा नकाशावर आडव्या दिसतात, पण त्यांचा खरा अर्थ उभा आहे. प्रत्येक ठिकाणी त्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेली असते आणि नदीच्या वरच्या अंगाला ती जास्त, खालच्या अंगाला कमी असते. त्यामुळे मैलभर अंतरावरच्या ओळखीच्या माणसाला मिळालेला आकडा तुम्हाला उपयोगाचा नाही.

तेव्हा इसार देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. प्लॉट कोणत्या पट्ट्यात आहे ते त्यावरून कळेल. मग तुमच्या भागाच्या पाटबंधारे कार्यालयात अर्ज करून त्या जागी लाल रेषेची पातळी किती मीटर आहे ते लेखी मागा. तोंडी सांगितलेलं घेऊ नका. आणि एखाद्या खासगी सर्व्हेअरकडून जवळच्या पक्क्या बेंचमार्कवरून, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून ठेवलेल्या खुणेवरून, तुमच्या प्लॉटची पातळी काढून घ्या. हे सहसा अर्ध्या दिवसाचं काम असतं.

समजा, लाल रेषा तुमच्या जमिनीपेक्षा 2.80 मीटर वर निघाली. त्यात 0.45 मिळवा. जोतं जमिनीपासून 3.25 मीटरवर जातं, म्हणजे 10 फूट 8 इंच. एजंटचा चार फुटांचा भराव म्हणजे सव्वा मीटरही नाही. एवढा भराव टाकून, हौसेने टाइल्स घालूनसुद्धा तुम्ही नियमाच्या दोन मीटर खाली राहणार. ‘गुडघाभर पाणी’ यावरही विसंबू नका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत त्या प्लॉटवर पाणी कुठवर होतं, हे शेजारच्या जुन्या घरातल्या माणसाला विचारा. आपल्या भागात भिंतीवर तारीख घालून पुराच्या खुणा करून ठेवणारी घरं आहेत. त्या खुणेपासून टेप लावून मोजा.

जोतं दहा फूट वर न्यायचं असेल तर भराव हा मार्गच नाही. मोकळे खांब उभे करून खाली फक्त गाडी लावायची आणि घर वर घ्यायचं, हा मार्ग. पाणी खालून निघून जातं आणि शेजाऱ्याच्या दारात ढकललं जात नाही. मात्र खांबांवरचं घर कोणत्याही ठेकेदाराच्या अंदाजाने बांधू नका. खाली भिंती नाहीत आणि वर जड घर, अशी रचना भूकंपात आधी खालच्या मजल्यालाच मोडते. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून लांब झालेला नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून खांब आणि त्यांचे जोड भूकंपासाठी तपासून घ्या. विजेचा मीटर आणि मुख्य स्विच वरच्या मजल्यावर घ्या. ड्रेनेजच्या पाइपला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवा, कारण नदी दारात येण्याआधी पाणी बऱ्याचदा संडासाच्या भांड्यातून वर येतं.

हे इतकं पोटतिडकीने लिहितो त्याला कारण आहे. 2004 साली माझ्या धाकट्या बहिणीने असाच एक प्लॉट मला दाखवला होता. मी तिचे कागद पाहिले, शिक्के पाहिले आणि ‘घे’ म्हणालो. आयुष्यभर लोकांच्या जमिनीच्या उंच्या मोजणारा मी, तिच्या जमिनीवर लेव्हल लावली नाही. पुढच्याच पावसाळ्यात तिच्या खोलीत झरोक्यापर्यंत पाणी होतं आणि दोन लहान मुलं घेऊन ती माडीवरच्या शेजाऱ्यांकडे चार रात्री राहिली. ती मला कधी बोलली नाही. तुमच्या पत्रातलं ‘कागद स्वच्छ आहेत’ वाचलं आणि मला तोच झरोका दिसला.

गुंठेवारीचं प्रमाणपत्र म्हणजे जमिनीचा तुकडा नियमित झाल्याचा दाखला. त्याने जमीन इंचभरही वर येत नाही. प्लॉट निळ्या रेषेच्या आत निघाला तर किंमत निम्मी केली तरी सोडा. दोन रेषांच्या मध्ये निघाला तर खांबांचा खर्च धरून पुन्हा हिशेब करा. एजंट सर्व्हेअरला प्लॉटवर पाय ठेवू देत नसेल तर पुढे बोलूच नका.

प्रश्न : आमचं गावठाणातलं घर आजोबांच्या वेळचं, मातीच्या भिंतींचं. 2021 च्या पुरात मागची बाजू पडली. आता सांगतात की घर निळ्या रेषेत आहे, म्हणून बांधता येणार नाही. आम्ही जायचं कुठं, साहेब? — एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, तुम्हाला अर्धवट सांगितलं गेलंय. निळ्या रेषेच्या आत नवीन घराला बंदी आहे, पण आधीपासून असलेल्या अधिकृत मिळकतीच्या पुनर्बांधणीला नियमावलीत वाट ठेवलेली आहे. अटी दोन : जोतं लाल रेषेच्या 0.45 मीटर वर आणि पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला. ‘अधिकृत’ हे सिद्ध करणं तुमच्याकडे आहे. गावठाणाची मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, सनद असेल तर सनद, जे सापडेल ते गोळा करा. पडलेल्या भागाचे फोटो आणि 2021 चा पंचनामा जोडा. उरलेल्या भिंती पाडण्याआधी मोजमाप आणि फोटो करून ठेवा. एकदा जागा सपाट झाली की इथे घर होतं हे सांगायला फक्त तुमचा शब्द उरतो.

शिरोळच्या काही भागात लाल रेषा इतकी वर जाते की तिथे घर बांधणं तुम्हाला परवडणार नाही, हेही सांगायला हवं. तसं निघालं तर उंचावरच्या जागेसाठी ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात आजच लेखी मागणी नोंदवा आणि पोच घ्या.

प्रश्न : शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात. मग 2005, 2019 आणि 2021, सोळा वर्षांत तीन मोठे पूर कसे आले? रेषा चुकीच्या आहेत का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : या शब्दांनी मोठा गैरसमज होतो. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ, कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक. यंदा आला म्हणून पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी नाही. पंचवीस वर्षांच्या पुराची शक्यता दरवर्षी शंभरात चार. वरच्या पत्रातल्या ताईंचं कर्ज वीस वर्षांचं आहे. त्या वीस वर्षांत निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता शंभरात जवळपास 56 निघते. लाल रेषेसाठी ती शंभरात 18. गणित सोपं आहे, करून बघ : 0.96 ला वीस वेळा स्वतःने गुण आणि एकातून वजा कर.

तू नोंदवलेले तिन्ही पूर लाल रेषेचेच होते असंही नाही. ठिकाणागणिक त्यांची उंची वेगळी होती. पण तुझी शंका निराधार नाही. रेषा आखतात त्या हातात असलेल्या नोंदींवरून. पात्र अरुंद झालं, पुलांचे भराव आडवे आले, ओढे बुजले की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीच्या अभ्यासातही अतिवृष्टीबरोबर पात्रातल्या अतिक्रमणांचा विषय होता. म्हणून रेषा पुन्हापुन्हा मोजायला हव्यात आणि मोजल्यावर त्या लोकांच्या दबावाने नदीकडे सरकवू नयेत. रेषा जुन्या राहण्यापेक्षा त्या अशा सरकवल्या जाण्याची भीती मला जास्त वाटते. केंद्रीय जल आयोगाने पूरमैदानांच्या, म्हणजे पुराचं पाणी पसरतं त्या काठच्या जमिनीच्या, विभागणीचं नमुना विधेयक 1975 साली राज्यांना पाठवलं. मणिपूरने 1978 मध्ये, राजस्थानने 1990 मध्ये आणि उत्तराखंडने 2012 मध्ये तसा कायदा केला. आपलं काम चालतं ते मुख्यतः जलसंपदा विभागाच्या परिपत्रकांवर आणि बांधकाम नियमावलीवर. नियमावलीत दुरुस्ती करायला कायद्याइतके कष्ट पडत नाहीत.

प्रश्न : आमच्या कॉलनीमागच्या ओढ्यात एक बांधकामवाला रात्री डंपरने मुरूम आणि राडारोडा टाकतोय. अर्धा ओढा बुजला. तक्रार केली तर ‘त्यांच्याच मालकीची जागा आहे’ असं उत्तर मिळालं. — कॉलनीतल्या काही महिला, कोल्हापूर

उत्तर : मालकीची जागा असली तरी चालत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 मध्ये ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत इमारतीबरोबर जमिनीत केलेला मोठा बदल आणि भर टाकून जमीन तयार करणंही येतं. त्याला परवानगी लागते. विनापरवानगी केलं तर त्याच कायद्याच्या कलम 52 आणि 53 खाली कारवाई होते, आधीसारखी जमीन करून द्यायची नोटीस देता येते. तक्रारीत ‘राडारोडा टाकतात’ एवढंच लिहिलं की ती आरोग्य विभागाकडे जाते आणि झाडूवाला येऊन जातो. ‘कलम 52 व 53 खाली अनधिकृत विकास’ असे शब्द लिहा आणि अर्ज नगररचना विभागाच्या नावाने द्या. एक प्रत तहसीलदारांना, एक पाटबंधारे कार्यालयाला. तिन्हींवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या.

पुरावा मात्र उंचीचाच ठेवा. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला किंवा एखाद्या पक्क्या भिंतीला रंगाची आडवी रेघ मारा आणि तिथून भरावापर्यंतचं अंतर टेपने मोजून दर रविवारी फोटो काढा, टेप फोटोत दिसू द्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला पोचलं की त्या दिवशी ओढ्यातलं पाणी कुठवर फुगलंय त्याचाही फोटो त्याच रेघेसकट घ्या. पहिला फोटो या आठवड्यातच काढा, पावसाने भराव पसरला की आज त्याची उंची किती होती ते दाखवता येणार नाही.