काठीला माईक बांधून उभी असलेली मुलगी

पत्र : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. वर्षभर ती मित्रमैत्रिणींबरोबर कोल्हापुरातले हलगीवाले, धनगरी ढोल आणि ऑर्केस्ट्रावाले यांच्यावर माहितीपट करते आहे. पण दिग्दर्शक दुसराच आहे आणि कॅमेराही तिच्याकडे नाही. ती काठीला माईक बांधून मागं उभी असते. घरी आली की मध्यरात्रीपर्यंत हेडफोन लावून तेच तेच ऐकत बसते. आता कॉलेज सोडून पुण्याला जायचं म्हणते. यात खरंच करिअर आहे का? आणि असेल तर तिनं निदान पुढची जागा मागायला नको का?
— एक आई, शिवाजी पेठ

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तिनं दुसरी जागा मागू नये. संगीतावरच्या माहितीपटात आवाज टिपणारी व्यक्ती मागं दिसते, पण सगळा चित्रपट तिच्या कामावर उभा असतो. चित्र जरा हललं तरी प्रेक्षक चालवून घेतो. हलगीचा आवाज फाटला की तो प्रसंग वाया जातो, आणि तो संकलनाच्या टेबलावर दुरुस्त होत नाही.

हलगी टिपायला फार अवघड. कातडं शेकून ताणलेलं असतं, थाप पडताच आवाज उसळतो आणि लगेच विरतो. माईकची पातळी बोलण्याच्या आवाजावर लावलेली असेल तर पहिल्याच थापेला ध्वनिमुद्रण फाटतं. पातळी फार खाली घेतली तर शेजारचं घुमकं, म्हणजे हलगीच्या साथीचं वाद्य, दबून जातं. म्हणून जाणती माणसं तोच आवाज दोन पातळ्यांवर घेतात, एक माईक वादकाजवळ आणि दुसरा लांब ठेवतात. त्यात खासबागेसारखं कुस्तीचं मैदान असेल, तर हलगीवाला फिरता, भोवती गलका, वरून वारा. तिथं वादकाच्या मागं किती पावलांवर राहायचं, हे वर्गात बसून कळत नाही. तुमची मुलगी ते वर्षभर शिकते आहे. रात्री तेच तेच ऐकत बसते, ही तुमच्या पत्रातली तक्रार मला तिच्या बाजूची सगळ्यात भक्कम साक्ष वाटली. न सांगता माणूस जे काम पुन्हा पुन्हा करतो, तिथंच त्याची जागा असते.

हे काम किती मोलाचं, ते कोल्हापूरकरांना तरी पटायला हवं. इथला देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासूनची. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब होते, त्यांच्या गायकीची कीर्ती देशभर झाली, पण त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका बाजारात आली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांचा आवाज मात्र मुद्रित झाला, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेला. गुरूचं गाणं आपण आज शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकतो. हलगीवाल्यांच्या बाबतीत असं होऊ नये, म्हणून कुणीतरी माईक धरून उभं राहायला हवं. तुमची मुलगी ते करते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण कॉलेज सोडण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे चित्रपट आणि दूरचित्रवाणीचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेत, ध्वनीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. १९६० पासूनची ही संस्था. कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेतही ध्वनी शिकवतात. दोन्हीकडच्या या अभ्यासक्रमांना पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा असते. ध्वनीसाठी बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अटही घातली जाते. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचून घ्या. म्हणजे तिला जो विषय आता नकोसा झालाय, तोच तिचं दार उघडणारा आहे. कंपनसंख्या, अनुनाद, प्रतिध्वनी हे ती पुस्तकात वाचते आणि मैदानावर ऐकते. अशी सोय फार थोड्यांना मिळते. पदवी पूर्ण करून तयारीनिशी पुण्याला गेली तर प्रवेश मिळण्याची शक्यता खरीच वाढेल. अर्धवट सोडून गेली तर तिच्या हातात काहीच राहणार नाही.

पैशांचंही सांगते. फक्त माहितीपटांवर घर चालतं, असं मी म्हणणार नाही. काम दिवसाच्या मजुरीवर मिळतं, महिने रिकामे जातात. पण ध्वनी शिकलेल्या माणसाला इतर वाटा असतात. मालिकांचं लोकेशनवरचं ध्वनिमुद्रण, डबिंग, मिक्सिंग, नाटकांचा आणि मैफलींचा आवाज सांभाळणं. मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकांची चित्रीकरणं चालतात. सुट्टीत तिथल्या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली उभं राहायची परवानगी मागायला हरकत नाही. सुरुवातीला केबल गुंडाळायचंच काम मिळेल, तेही करावं. आधी शिकलेलं हाताला लागतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही आत्ताच पाहा. ही मुलं मित्र आहेत, म्हणून त्यांच्यात काही लिहून ठेवलेलं नसणार. प्रत्येकाचं काम काय, श्रेयनामावलीत नाव कसं येणार, पुढं पैसे आले तर वाटणी कशी, आणि मूळ ध्वनिमुद्रणांच्या प्रती कुणाकडे राहणार, हे कागदावर घ्या. तीच गोष्ट वादकांची. हलगीवाल्या मामांनी मैत्रीखातर वाजवलं असेल, पण कलाकाराच्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचा हक्क असतो. त्यांची लेखी संमती हवी आणि मानधनही, जमेल तेवढं.

ऑर्केस्ट्राच्या प्रसंगात सिनेमाचं गाणं वाजत असेल तर आणखी एक प्रश्न येतो. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, मूळ ध्वनिमुद्रणाचे वेगळे. मुलांनी स्वतः वाजवून घेतलं तरी शब्द-चालीची परवानगी लागतेच. ती मिळाली नाही तर महोत्सवात दाखवताना अडचण येते. मुंबईचा मिफ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांसाठी भरतो, आपल्याकडे कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही होतो. तिथं पाठवायचा विचार असेल तर हे आधी मिटवा.

आणि तिचे कान जपा. आठ तासांसाठी पंच्याऐंशी डेसिबल ही सुरक्षित मर्यादा धरतात. विसर्जन मिरवणुकीत आवाज त्याच्या खूप वर जातो. तिनं तिथं कानात बोळे घालूनच जावं. हेडफोनमधून ऐकतानाही आवाज कमी ठेवावा. हे सांगितलेलं मुलांना आवडत नाही, तरी सांगा. या धंद्यात ऐकू येणं गेलं की सगळंच गेलं.

प्रवेश परीक्षेनंतर मुलाखतीत विचारतील तेव्हा तिच्याकडे दाखवायला काही असावं. वर्षभराच्या ध्वनिमुद्रणांतून तीनच निवडू दे, प्रत्येकाच्या शेजारी दिवस, जागा, वाद्य, माईक कुठं होता आणि काय जमलं नाही, हे एका पानावर लिहू दे. फसलेलं एक ध्वनिमुद्रणही त्यात हवं, का फसलं त्यासह. सगळी मूळ ध्वनिमुद्रणं दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, त्यातली एक ड्राइव्ह दुसऱ्या घरी असू दे.